दोन किलोची १५०-६०० लेन्स घ्यावी की हलकी १००-४००? कॅनन २००डी, बजेट साठ हजार, वाहन मोटारसायकल

माळावरचा_मास्तर, अंबाजोगाई

राम राम मंडळी. इथलं लई दिवसापासून वाचायलोय, लिहायला आज बसलो. माझ्याकडं कॅनन २००डी कॅमेरा आहे अन त्यावर ५५-२५० एमएम ची एसटीएम लेन्स (एमएम चा आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं मोठं दिसतं). लेन्स वाईट नाही, उलट त्या पैशात लई चांगली, पण आमच्या भागात जे दिसतं ते लांबच दिसतं. रब्बीत हरभऱ्याच्या रानात हरणांचे कळप येतात, त्यातला काळा नर असला देखणा असतो की बस, पण मोटारसायकल थांबवली की माना वर अन स्टँड लावेपर्यंत सगळे दोन वावरं पलीकडं. फोटोत येतो तो ठिपका, क्रॉप करावं तर चित्र फुटतं. माजलगाव धरणावर थंडीत बदकं असतात तिथं पण तेच, बदक कुठलं ते ओळखता येतं एवढाच फोटो, कुणाला दाखवावा असा नाही.

बजेट साठ हजार. ओढूनताणून पासष्ट होईल पण घरी साठच सांगितलेत. कॅननची स्वतःची १००-४०० एल सुचवू नका, आवाक्यात नाही. म्हणून थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स बघायलोय. नवीन १५०-६०० बजेटमधे बसंना म्हणून सेकंडहँड टॅमरॉन १५०-६०० आहे, जुनी, जी२ म्हणजे नंतरची दुसरी आवृत्ती नाही. सेकंडहँड सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी एकजण संभाजीनगरला विकायलाय. आणि तिसरी सिग्मा १००-४००, ती हलकी आहे म्हणतात.

एका दुकानदारानं सांगितलं की एफ/५.६ च्या पुढं (एफ चा आकडा वाढला की लेन्समधून उजेड कमी येतो) या बॉडीचा म्हणजे कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चालतच नाही, मग ६.३ वाल्या लेन्स घेऊन काय करणार. हे खरं का? अन दोन किलोची लेन्स पाठीवर टाकून खराब रस्त्यानं गाडी चालवली तर लेन्सच्या आत काय हलतं का? वर्षाकाठी एखादी ताडोबा ट्रीप मित्रांसोबत, बाकी सगळं फिरणं आपल्याच रानात.

नाथसागर_काठ, पैठण

मास्तर, दुकानदारानं अर्धं खरं सांगितलं. २००डी चा व्ह्यूफाइंडरमधला फोकस ५.६ पर्यंतच्या लेन्ससाठी बनवलाय हे बरोबर, पण सिग्मा टॅमरॉनच्या ६.३ वाल्या लेन्स बॉडीला आपण ५.६ आहोत असंच सांगतात त्यामुळं बॉडी फोकस बंद करत नाही. नऊ पॉइंट आहेत तुमच्या कॅमेऱ्यात, त्यातला मधला तेवढा क्रॉस टाइप म्हणजे उभ्या आडव्या दोन्ही रेषा पकडणारा, तोच वापरायचा, बाकीचे आठ विसरून जा. संध्याकाळी उजेड उतरला की फोकस इकडंतिकडं शोधत बसतो ते मात्र होणार. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स अन बॉडीच्या मधे बसणारं, लांबी वाढवणारं भिंग) लावायचं तर मनातच आणू नका, ६.३ चं ९ होतं अन मग खरंच फोकस चालत नाही.

आता घ्यायची कुठली. मी १५०-६०० च म्हणीन. हिशोब बघा, ४०० वरून ६०० म्हणजे दीडपट वाटतं पण फ्रेममधे पक्षी सव्वादोनपट जागा घेतो. ४०० नं काढून ६०० एवढं क्रॉप केलं तर तुमच्या चोवीस मेगापिक्सेलमधले साधारण पावणेअकराच उरतात. आत्ता २५० नं काढून तेवढंच क्रॉप करता तेव्हा चार सव्वाचार उरतात, म्हणून चित्र फुटतं. शिवाय १.६ चा क्रॉप सेन्सर (मोठ्या फुलफ्रेम सेन्सरपेक्षा लहान), म्हणजे ६०० ला फुलफ्रेमच्या ९६० एवढं दिसतं.

उजेडाची काळजी आपल्या भागात करू नका. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० वर एफ/६.३ ला १/२५०० सेकंदापर्यंत शटर मिळतं, उडता पक्षी धरायला एवढं पुरतं. ६.३ हळू आहे म्हणून रडणारे लोक जंगलातले असतात, माळावरचे नाही. जायकवाडीला थंडीत रोहित (फ्लेमिंगो) आले की ते पाण्यात इतके आत असतात की ६०० सुद्धा कमी पडतं, ४०० घेऊन काठावर उभं राहिलं की नुसती गुलाबी रेघ दिसते.

गौताळा_भटक्या, कन्नड

जंगलातला रडणारा हजर आहे 😄

काठसाहेब तुमचं पैठणचं खरं पण सगळा मराठवाडा म्हणजे नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) नाही. गौताळ्यात पावसाळ्यात स्वर्गीय नर्तक सावलीत बसलेला असतो तिथं ६.३ ला आयएसओ ३२०० ला जाऊन पण शटर १/२५० च्या वर येत नाही, अन २००डी चा ३२०० कसा दिसतो ते मास्तरला विचारा. तिथं ६०० एमएम काय कामाचं, पक्षी आठ दहा मीटरवर असतो, झाडोऱ्यातून लेन्स वळवायला जागा लागते.

मुद्दा वजनाचा. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम, टॅमरॉन जुनी पण तेवढीच. सिग्माची १००-४०० ११६० ग्रॅम, टॅमरॉनची १००-४०० त्याहून थोडी कमीच. कागदावर पाऊण किलोचा फरक, हातात धरून पंधरा मिनिटं हरणाची वाट बघितली की समजतो. मास्तर मोटारसायकलवर फिरणारे, एकटे. जी लेन्स गळ्यात राहते तिनंच फोटो निघतो, बॅगेतली ६०० काढून हूड (लेन्सच्या तोंडावरचं सावलीचं नळकांडं) उलटा करून लावेपर्यंत हरीण तालुका ओलांडतं. मी स्वतः १००-४०० वापरतो आणि समाधानी आहे. हां एक आहे, सिग्माच्या १००-४०० ला ट्रायपॉड कॉलर (लेन्स स्टँडवर बसवायचं कडं) लागतच नाही, सोयच ठेवली नाही, टॅमरॉनच्या १००-४०० ला वेगळी विकत घेऊन लावता येते. ट्रायपॉडवर काम करणार असाल तर एवढं बघून घ्या.

नांदेडी_पोट्टा

६०० घ्या राव. ४०० घेतलेला प्रत्येक माणूस वर्षभरात ६०० शोधत असतो.

गौताळा_भटक्या, कन्नड

आणि ६०० घेतलेला प्रत्येक माणूस दोन वर्षात पाठीचा डॉक्टर शोधत असतो, पुढं बोल.

माळावरचा_मास्तर, अंबाजोगाई

दोघांचं पण पटायलंय हीच तर पंचाईत 😀 ६.३ ची शंका मिटली ते बरं झालं. माझं फिरणं उघड्या रानातच जास्त, झाडी म्हणाल तर वर्षातून एकदा नायगावच्या मयूर अभयारण्यात जाणं होतं, अन मोर तर एवढा मोठा की त्याला माझी २५० पण चालते. पण एक विचारतो, आमच्या इथल्या एका फोटोग्राफर मित्राकडं १५०-६०० आहे, त्यानं मार्च महिन्यात दुपारी अकराच्या पुढं काढलेले हरणांचे फोटो बघितले, सगळे मऊ. शिंगाची पिळं सुद्धा नीट दिसंनात. तो म्हणतो थर्ड पार्टी लेन्स अशाच असतात, ६०० ला सगळ्या मऊ पडतात. हे ऐकून जरा पाय मागं आला.

नाथसागर_काठ, पैठण

मास्तर त्या लेन्सला काही झालेलं नाही, त्या झळा आहेत. यावर जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडं निम्म्या लेन्सा या एका कारणापायी बदनाम होऊन विकल्या जातात.

आपली जमीन काळी. ऊन चढलं की ती तापते, तिच्या लगतची हवा तापून वर जायला लागते, वरची थंड हवा खाली येते, अन या गरम थंड हवेतून प्रकाश येताना सारखा वाकतो. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं ना, तेच. नांगरून पडलेल्या रानावर तर फारच. डोळ्याला ते एवढं जाणवत नाही पण ६०० एमएम मधून तीच थरथर मोठी होऊन दिसते. दोनशे मीटरवरचं हरीण म्हणजे मधे दोनशे मीटर उकळती हवा, तिथं पंधरा लाखाची लेन्स लावली तरी फोटो मऊच येणार. उन्हाळ्यात साडेआठ नऊलाच हे चालू होतं, थंडीत पण स्वच्छ ऊन असलं की दहाच्या पुढं नांगरटीवर दिसायला लागतं.

ओळखायचं कसं ते सांगतो. एकाच जागी बसलेल्या जनावराचे दहा बारा फोटो सलग घ्या. फोकस चुकलेला असेल तर सगळे सारखेच मऊ येतील अन पुढचं किंवा मागचं गवत कुठंतरी शार्प दिसेल. झळा असतील तर एका फोटोत तोंड बरं, दुसऱ्यात पाय बरे, तिसऱ्यात शिंग वाकडं, आणि गवतसुद्धा कुठंच धड नाही. मित्राला त्याच लेन्सनं सकाळी सातला वीस पंचवीस मीटरवरचा वेडा राघू काढायला सांगा, पिसं मोजता येतील.

पाण्यावर उलटं होतं, थंडीत पहाटे हवा गार अन धरणाचं पाणी तिच्यापेक्षा कोमट, तिथं सकाळीच थरथर असते. त्यामुळं रोहितचे लांबचे फोटो सहसा मनासारखे येत नाहीत, ते स्वतः चालत काठाजवळ आले तरच. कारमधून काढताना पण काच नुकतीच खाली केली असली तर आतली अन बाहेरची हवा मिसळत असते, पाचेक मिनिटं जाऊ द्यायची. बॉनेटवर लेन्स टेकवून काढणारे बघतो तेव्हा मला हसू येतं, खाली इंजिन तापलेलं.

म्हणून ६०० एमएम हे लांबचं जवळ आणायला नाही, जवळचं मोठं करायला घ्यायचं.

गौताळा_भटक्या, कन्नड

हे शेवटचं वाक्य पटलं. मग माझं म्हणणं तेच की, जवळच जायचंय तर हलकी लेन्स घेऊन जा ना 😄

नाथसागर_काठ, पैठण

काळवीट तुम्हाला तीस मीटरवर बसू देईल का सांगा. पक्ष्याला जवळ म्हणजे पंधरा मीटर, काळविटाला जवळ म्हणजे ऐंशी. ऐंशीला ६०० च लागते.

शटर_आणि_शेती, लातूर

उशिरा आलो. मी दोन्ही वापरल्यात, टॅमरॉनची पहिली आणि सिग्मा कंटेम्पररी, दोन्ही क्रॉप बॉडीवर. चित्राच्या दर्जात ५०० पर्यंत फारसं डावंउजवं नाही, ६०० ला सिग्मा किंचित पुढं, दोन्ही एफ/८ ला सुधारतात. पण मास्तरच्या बाबतीत माझं मत सिग्माकडं जातं आणि त्याचं कारण चित्र नाही.

२००डी मधे ऑटोफोकस मायक्रो ॲडजस्टमेंट नाही. म्हणजे लेन्स आणि बॉडीचं जुळलं नाही, फोकस दोन बोटं पुढं नाहीतर मागं पडला, तर बॉडीतून दुरुस्त करायची सोय नाही. लांब लेन्सवर हे हमखास जाणवतं. सिग्मासाठी यूएसबी डॉक मिळतो, तो लेन्सला मागून लावायचा, कॉम्प्युटरला जोडायचा आणि लेन्समधेच दुरुस्ती करायची, झूमच्या चार जागी आणि प्रत्येक जागी चार अंतरांवर. कंटाळवाणं काम आहे, एक अख्खा रविवार जातो, पण एकदाच. फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) पण त्यातूनच अपडेट होतं. टॅमरॉनचा असाच टॅप-इन कन्सोल आहे पण तो जी२ ला चालतो, पहिल्या मॉडेलला नाही. पहिली म्हणजे ए०११, जी२ म्हणजे ए०२२, लेन्सवर बघून घ्या, कारण विकणारे कधी कधी नुसतं टॅमरॉन १५०-६०० लिहितात आणि भाव जी२ चा लावतात. ए०११ बाजारात आली २०१३-१४ च्या सुमाराला, म्हणजे आता दहा वर्षाच्या पुढची लेन्स असणार हे पण धरा. सिग्मा कंटेम्पररी २०१४ ला जाहीर झाली, तिचे नंतरच्या वर्षातले नग पण मिळतात.

डॉक नसला तरी तात्पुरती एक युक्ती. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) चालू करा, २००डी ला ड्युअल पिक्सेल आहे, तो सेन्सरवरूनच फोकस करतो त्यामुळं पुढंमागं पडायचा प्रश्नच येत नाही. बसलेल्या पक्ष्याला मस्त चालतं. दोन किलो हात लांब करून धरता येत नाही म्हणून टेकू पाहिजे एवढंच.

आणि मास्तर, सिग्माचीच स्पोर्ट पण असते, तेच १५०-६००. कुणी स्वस्तात देतो म्हटलं तर आधी उचलून बघा, २८६० ग्रॅम आहे. मोटारसायकलवर नको.

माळावरचा_मास्तर, अंबाजोगाई

लातूरकर लई उपकार झाले, हे डॉकचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मग संभाजीनगरची सिग्मा बघायला जावं म्हणतो. बघताना काय काय तपासू ते सांगा, अन त्या रस्त्याच्या हादऱ्यांचं कुणी बोललंच नाही.

शटर_आणि_शेती, लातूर

स्वतःची बॉडी, कार्ड आणि जमलं तर लॅपटॉप घेऊन जा. विकणाऱ्याच्या बॉडीवर बघून घेऊ नका, तुमच्या २००डी शी जुळते का तेच बघायचंय. भिंतीला छोट्या जाहिरातीचं वर्तमानपत्राचं पान चिकटवा, समोर टेकू देऊन ६०० वर ६.३ आणि ८ ला काढा, चारी कोपरे बघा. एक कोपरा शार्प आणि समोरचा मऊ असला तर पान सरळ आहे का ते बघून परत काढा, तरी तसंच आलं तर आतलं भिंग सरकलेलं, सोडून द्या. मग व्ह्यूफाइंडरनं आणि लाइव्ह व्ह्यूनं एकाच गोष्टीचा फोटो, फरक फार असला तर डॉकचा खर्च भावातून कमी करायला सांगा.

मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं आत मारा आणि पुढून तिरकं बघा. धूळ थोडीफार असणारच, या लेन्स झूम करताना हवा ओढतात, तिनं फोटोत काही दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही दिसलं तर ते फंगस, कितीही स्वस्त देत असला तरी घरी निघा. स्टॅबिलायझर चालू करून कानाजवळ धरा, हलकी घरघर ठीक, खडखड नको. लेन्स खाली तोंड करून धरली की नळी आपोआप पुढं घसरते का बघा, थोडी घसरतेच, त्यासाठी झूम लॉक आहे, तो नीट बसतो का तेवढं तपासा. बिल आणि सिरीयल नंबर जुळवा. बिल नसलेली ग्रे मार्केटची (अधिकृत विक्रेत्याबाहेरून आणलेली) असू शकते, तिला इथं वॉरंटी नसते, भाव त्या हिशोबानं.

हादऱ्यांचं म्हणाल तर टाकीवर किंवा कॅरिअरला बांधून कधीच नेऊ नका. पाठीवरच्या बॅगेत, बॉडीपासून काढून, लॉक लावून. शरीर हादरे झेलतं. बॉडीला लावलेली दोन किलोची लेन्स बॅगेत आडवी ठेवून खड्ड्यात गाडी घातली तर सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या कड्यावर येतो. उचलताना पण लेन्सची कॉलर धरायची, कॅमेरा धरून लेन्स लोंबकळत ठेवायची नाही.

नांदेडी_पोट्टा

मास्तर पुढं मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घ्यायचा विचार असला तर ईएफ माउंटचीच घ्या, म्हणजे तुमच्या २००डी च्या जोडाची, ती कॅननच्या आर या मिररलेस बॉड्यांवर कॅननचा ॲडॉप्टर लावून चालते. जुन्या थर्ड पार्टी लेन्सला कधी कधी फर्मवेअर अपडेट लागतं म्हणून पण डॉकवालीच बरी. आरएफ या आर बॉड्यांच्या माउंटला २०२४ पासून सिग्मा टॅमरॉननी क्रॉपसाठी काही लेन्स आणल्या पण त्यात लहान लेन्स, अशी लांब काही माझ्या बघण्यात नाही. कॅननची स्वतःची आरएफ १००-४०० आहे, ६३५ ग्रॅम फक्त!! पण टोकाला एफ/८ अन तुमच्या २००डी ला बसणारच नाही.

गौताळा_भटक्या, कन्नड

बरं, ६०० च घेणार दिसताय तर टेकूचं तरी ऐका. ट्रायपॉड घेऊन मोटारसायकलवर फिरू नका, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) पुरे. आणि घरीच बीनबॅग शिवून घ्या, जुन्या जीन्सची एक पायची कापून दोन्हीकडून शिवायची, आत ज्वारी. गाडीच्या सीटवर, बांधावर, दगडावर कुठंही टेकवता येते. पावसाळ्यात ज्वारी ओतून ठेवा, नाहीतर किडे होतात. ताडोबाच्या जिप्सीत पण तीच कामाला येईल, तिथं रिकामी पिशवी न्यायची अन तिकडंच तांदूळ घेऊन भरायची.

आणि हरणांच्या मागं गाडी घालू नका, हे तुम्हाला नाही, वाचणाऱ्या पोरांना सांगतोय. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, पळवून धाप लागलेल्या जनावराचा फोटो बघणाऱ्याला कळतो. शेतकऱ्याला विचारून बांधाच्या आड सूर्य उगवायच्या आधी जाऊन बसा. ट्रॅक्टरला अन बैलगाडीला ती भीत नाहीत, रस्त्यावरनं जाणाऱ्या गाडीला पण नाही, गाडी थांबून माणूस उतरला की पळतात. आधीपासूनच बसलेला माणूस त्यांना चालतो, चरत चरत स्वतःच जवळ येतात.

नाथसागर_काठ, पैठण

भटक्याशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत. फक्त वारा तोंडावर येईल असं बसा, अन सूर्य पाठीमागं. दोन्ही एका जागी जुळत नसलं तर वाऱ्याचं ऐका.

माळावरचा_मास्तर, अंबाजोगाई

ठरलं मग. रविवारी संभाजीनगरला जातो, बॉडी, लॅपटॉप अन वर्तमानपत्र घेऊन. भाव जमला अन कोपरे सरळ निघाले तर सिग्मा, नाही तर १००-४०० चा विषय परत काढीन, भटक्याभाऊ तयार रहा. शेवटचं एक, तिला ९५ एमएम चा यूव्ही फिल्टर लागतो, विकणारा हजार रुपयात त्याच्याकडचा देतो म्हणतोय. घेऊ का?

शटर_आणि_शेती, लातूर

नको. हजाराचा ९५ चा फिल्टर म्हणजे खिडकीची काच, ६०० ला सगळा शार्पपणा तोच खाऊन टाकतो. हूड येतोय का सोबत ते विचारा, तो नसला तर त्याचे पैसे कमी करा.